एका लहान राष्ट्राचा चषक

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे ताम्रपट, तहनामे, बखरी आणि सरकारी दप्तरें हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. खेळाच्या मैदानावरील चषकाला त्या पंक्तींत बसवावें, असें कोणी म्हटल्यास विद्वज्जनांना हंसूं येण्याचा संभव आहे. परंतु ज्या राष्ट्राला शतकानुशतकें स्वतःचें राज्य नव्हतें, स्वतःची राजधानी नव्हती, आणि ज्याचा कायदा शेजाऱ्याच्या कायद्यांत विरून गेला होता, अशा राष्ट्राचा इतिहास लिहावयाचा झाल्यास दप्तरखान्याबाहेरचीं साधनेंहि धुंडाळावीं लागतात. वेल्स हें असें एक राष्ट्र आहे. आणि तेथें १८७७ सालीं सुरू झालेली 'वेल्श कप' ही फुटबॉलची स्पर्धा, आमच्या मतें, असेंच एक साधन आहे. तिची हकीगत वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें योजिलें आहे.

वेल्स म्हणजे ग्रेट ब्रिटन बेटाचा पश्चिमेकडील डोंगराळ भाग. त्याचा विस्तार सुमारें २०,७०० चौरस किलोमीटर, आणि वस्ती आजमितीस ३१ लाखांच्या आसपास. आठव्या हेन्रीच्या कारकीर्दींत, १५३६ व १५४३ सालच्या कायद्यांनीं, हा देश इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेंत पुरता सामावून घेण्यांत आला आणि न्यायालयांतून त्याच्या भाषेचें उच्चाटन झालें. पुढें १५८८ सालीं बायबलचें वेल्श भाषांतर प्रसिद्ध झालें, आणि त्याच्या आधारानें भाषा देवळांत व घरांत जिवंत राहिली. परंतु राष्ट्र म्हणून दाखवितां येईल अशी संस्था मात्र फारशी कोणतीच नव्हती. वेल्सच्या विद्यापीठाला सनद मिळाली ती १८९३ सालीं. राष्ट्रीय ग्रंथालय व राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय ह्यांच्या सनदा १९०७ सालच्या. आणि कार्डिफला राजधानी म्हणून मान्यता मिळावयास १९५५ साल उजाडावें लागलें. ह्या सर्वांच्या आधीं, १८७६ सालीं, वेल्सची फुटबॉल संघटना स्थापन झाली होती. पंडितांना जें राष्ट्र अद्यापि कागदावर उतरवितां आलें नव्हतें, तें चेंडू खेळणाऱ्यांनीं मैदानावर उतरविलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

ह्या उद्योगाचे प्रवर्तक ल्युएलिन केन्रिक हे उत्तर वेल्समधील रुआबॉन गांवचे वकील होते. इंग्लंडची संघटना १८६३ ची, स्कॉटलंडची १८७३ ची; मग वेल्सनेंच मागें कां राहावें, ह्या ईर्ष्येनें त्यांनीं रेक्सहॅम येथें मंडळी जमविली आणि संघ उभा केला. २५ मार्च १८७६ रोजीं ग्लासगो येथें स्कॉटलंडनें ह्या संघाचा चार गोलांनीं धुव्वा उडविला. पराभव झाला खरा. परंतु 'वेल्स' ह्या नांवानें अकरा माणसें एकत्र उभीं राहिलीं, हेंच त्या दिवसाचें खरें फलित होय. पुढल्याच वर्षीं चषकाची स्पर्धा सुरू झाली. इंग्लंड व स्कॉटलंड येथील चषकांच्या मागोमाग जन्मलेली ही जगांतील तिसरी राष्ट्रीय स्पर्धा. पहिला अंतिम सामना ३० मार्च १८७८ रोजीं रेक्सहॅम येथील ॲक्टन पार्कमध्यें झाला आणि रेक्सहॅमनें केन्रिकांच्याच रुआबॉनच्या 'ड्रुइड्स' संघाला एका गोलानें हरविलें. गंमत अशी कीं, विजेत्यांना द्यावयाचा चषकच त्या दिवशीं तयार नव्हता! संघटनेच्या गांठीं तेवढा पैसा नव्हता. चषकाशिवाय चषकाची स्पर्धा भरविणाऱ्या ह्या मंडळींच्या उत्साहाचें कौतुक करावें तेवढें थोडेंच.

बाद पद्धतीच्या स्पर्धेचें मर्म हें कीं, तींत लहानमोठा हा भेद चिठ्ठी निघेपर्यंतच असतो. साखळी स्पर्धेंत वर्षभराचा हिशेब होतो आणि श्रीमंताचें पारडें हळूहळू जड होत जातें. बाद सामन्यांत मात्र एका दुपारीं गांवानें शहराला हरविलें कीं शहर घरीं जातें. वेल्समध्यें ह्या पद्धतीचा आणखी एक उपयोग झाला. त्या देशाचे डोंगर मध्यभागीं असे आडवे पडले आहेत कीं उत्तरेची रहदारी लिव्हरपूल-चेस्टरकडे आणि दक्षिणेची ब्रिस्टल-लंडनकडे वाहते. उत्तरेहून कार्डिफला आगगाडीनें जावयाचें म्हणजे इंग्लंडच्या हद्दींतील श्रूझबरीवरून वळसा घालावा लागतो. ज्यांना एकमेकांचीं तोंडें पाहण्याचें एरवीं कारण पडलें नसतें, अशा उत्तरेकडील दगडखाणींच्या व दक्षिणेकडील कोळसाखाणींच्या गांवांना ह्या चषकानें एका मैदानावर आणलें.

तरी हा योग लवकर जुळून आला असें नाहीं. दक्षिणेंत रग्बीचा अंमल होता, आणि पहिलीं तीसपस्तीस वर्षें चषक उत्तरेकडेच फिरत राहिला. दक्षिणेंतील क्लबाकडे तो प्रथम गेला तो १९१२ सालीं, कार्डिफ सिटीच्या रूपानें. दुसरी अडचण याहून नाजूक होती. सामने रंगतदार व्हावेत, तिकिटांचें उत्पन्न वाढावें, म्हणून सीमेपलीकडील इंग्लिश क्लबांनाहि प्रवेश देण्यांत येत असे. आणि पाहुणे पुष्कळदां ताट घेऊनच घरीं जात. श्रूझबरीनें हा चषक सहा वेळां नेला. चेस्टर, क्रू अलेक्झांड्रा, ब्रिस्टल सिटी, ट्रॅनमियर रोव्हर्स, साउथ लिव्हरपूल ह्यांचींहि नांवें त्यावर कोरलेलीं आहेत. उलट वेल्समधील कार्डिफ, स्वॉन्सी, न्यूपोर्ट व रेक्सहॅम हे चार मोठे क्लब इंग्लंडच्या लीगमध्यें खेळत असत. १९२७ सालीं कार्डिफनें वेम्बली येथें आर्सेनलला एका गोलानें हरवून इंग्लंडचा चषक देशाबाहेर नेला, आणि त्याच वर्षीं वेल्सचाहि चषक जिंकला. इंग्लंडचा चषक इंग्लंडबाहेर जाण्याचा प्रसंग त्यानंतर पुनः आलेला नाहीं. ह्या विजयाचा वेल्सला केवढा अभिमान! परंतु तो अभिमान शेजाऱ्याच्या घरांत मिळविलेल्या मानाचा होता, हें ध्यानांत ठेवावयास हवें. कारण पुढील तंट्याचें बीज येथेंच आहे.

चषकाला नवें तेज चढलें तें १९६१ पासून. युरोपांतील राष्ट्रीय चषकविजेत्यांसाठीं जी स्पर्धा निघाली होती, तींत त्या वर्षीं वेल्सच्या विजेत्यांना प्रवेश मिळाला. आतां ह्या डोंगराळ मुलखांतील एखाद्या साध्या क्लबालाहि माद्रिदचें किंवा मॉस्कोचें दार ठोठावतां येऊं लागलें. १९६२ सालीं ही संधि उत्तरेकडील बँगर ह्या लहानशा शहराला मिळाली. बँगर सिटी हा इंग्लिश लीगबाहेरचा, चेशायर परगण्याच्या लीगमध्यें खेळणारा क्लब. आणि चिठ्ठींत त्याच्यापुढें आला तो इटलीचा चषक जिंकलेला नेपोली! बँगरनें आपल्या मैदानावर नेपोलीला दोन गोलांनीं हरविलें. नेपल्स येथें तीनास एक असा पराभव झाला. दोहोंची बेरीज तीन-तीन अशी बरोबरीची. परक्या मैदानावरील गोलाला अधिक मोल देण्याचा नियम त्या वेळीं असता तर बँगर तेथल्या तेथें विजयी ठरतें; परंतु तो नियम आणखी तीन वर्षांनीं आला. लंडनच्या हायबरी मैदानावर तिसरा सामना झाला आणि नेपोलीनें तो दोनास एक असा जिंकला.

पुढल्या वर्षीं लँडुड्नो जंक्शन येथील बरो युनायटेड ह्या क्लबानें तर इंग्लिश लीगमधील न्यूपोर्ट काउंटीला अंतिम सामन्यांत नमवून चषक घेतला, आणि माल्टाच्या स्लिमा वाँडरर्सला हरवून युरोपांत एक फेरी जिंकणारा पहिला वेल्श क्लब हा मान मिळविला. १९६८ सालीं दुसऱ्या श्रेणींतील कार्डिफ तोर्पेदो मॉस्कोशीं लढण्यासाठीं ताश्कंदपर्यंत जाऊन उपांत्य फेरींत पोंचलें. १९७१ सालीं त्यानेंच आपल्या मैदानावर रेआल माद्रिदला एका गोलानें हरविलें. १९८४ सालीं रेक्सहॅम चौथ्या श्रेणींत होतें, आणि चषकाचा अंतिम सामना तें श्रूझबरीकडून हरलेंहि होतें. परंतु इंग्लिश विजेत्याला वेल्सच्या वतीनें युरोपांत जातां येत नसे, म्हणून उपविजेत्याला धाडण्यांत आलें. रेक्सहॅमनें स्वगृहीं पोर्टोला एका गोलानें हरविलें, पोर्तुगालमध्यें चारास तीन असा पराभव पत्करला, आणि परक्या मैदानावरील गोलांच्या त्याच नियमानें तें पुढें गेलें. बावीस वर्षांपूर्वीं बँगरला ज्या नियमाच्या अभावीं परतावें लागलें, त्यानेंच रेक्सहॅमला तारलें. १९८७ सालीं खाणींच्या मर्थर टिडफिल गांवानेंहि इटलीच्या अटालांटाला स्वगृहीं हरविलें, आणि दुसऱ्या सामन्यांत मान तुकविली. तोच अटालांटा पुढें उपांत्य फेरीपर्यंत गेला. लहान राष्ट्राची कीर्ति अशाच दोनचार दुपारींवर उभी असते.

परंतु ह्या वैभवाच्या मुळाशीं एक विसंगति होती. स्वतःची राष्ट्रीय लीग नाहीं, मोठे क्लब शेजाऱ्याच्या लीगमध्यें, चषकांत शेजाऱ्याचे क्लब. मग वेल्सला जागतिक संघटनेंत स्वतंत्र स्थान कां असावें, असा प्रश्न बाहेरून विचारला जाऊं लागला. प्रश्न पोकळ नव्हता. म्हणून १९९२ सालीं वेल्सच्या संघटनेनें 'लीग ऑफ वेल्स' स्थापन केली आणि इंग्लंडच्या खालच्या लीगांत खेळणाऱ्या क्लबांना परत फिरण्याची आज्ञा केली. कित्येकांनीं ती मानली नाहीं. कांहींना घरचें मैदान सोडून सीमेपलीकडे सामने खेळावे लागले, आणि आपल्याच गांवीं खेळण्याचा हक्क मिळविण्यासाठीं न्यायालयाचे उंबरठे झिजवावे लागले. न्यायालयानें त्यांची बाजू उचलून धरली. १९९५ सालीं रेक्सहॅमनें कार्डिफला दोनास एक असें हरवून चषक जिंकला, आणि त्यानंतर इंग्लंडच्या लीगमध्यें खेळणाऱ्या क्लबांना ह्या स्पर्धेचें दार बंद झालें.

ह्या निर्णयाचा न्याय कसा करावा? त्याच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे. शेजाऱ्याच्या छपराखालीं वाढलेलें वैभव तो मनांत आणील तेव्हां काढून घेऊं शकतो. घर लहान असलें तरी स्वतःचें असावें. शिवाय त्याचें फळहि दिसलें. १९९६ सालीं चषक जिंकला तो सुमारें हजार वस्तीच्या लॅनसँटफ्रेड ह्या खेड्यानें, बॅरी टाउनला पेनल्टींवर हरवून. ज्या चषकांत कार्डिफ आणि रेक्सहॅम आहेत त्यांतून हें खेडें युरोपांत कधीं गेलें असतें?

तरीहि ह्या निर्णयांत आम्हांस एक दोष दिसतो, आणि तो स्पष्ट सांगणें अवश्य आहे. बँगरच्या किंवा बरो युनायटेडच्या यशाला मोल होतें तें त्यांनीं वाटेंत थोरांना हरविलें म्हणून. थोर निघून गेल्यावर लहानांचा विजय सोपा झाला, परंतु तो तेवढाच हलकाहि झाला. आणि सीमा तरी कोठें आंखली गेली? देशाच्या हद्दीवर नव्हे, लीगच्या यादीवर. ह्याचा परिणाम असा कीं, राजधानी कार्डिफच्या मुख्य क्लबाला राष्ट्राच्या चषकांत जागा उरली नाहीं. उलट त्याच लॅनसँटफ्रेडच्या क्लबानें २००३ सालीं सीमेपलीकडील ऑस्वेस्ट्रीच्या क्लबाशीं विलीनीकरण केलें, पुढें 'द न्यू सेंट्स' हें नांव घेतलें, आणि २००७ पासून तो इंग्लंडच्या भूमीवर, ऑस्वेस्ट्रींत, आपले सामने खेळून वेल्सचे चषक जिंकीत आला आहे! राष्ट्र वाचविण्यासाठीं घातलेल्या कुंपणाच्या बाहेर राजधानी राहिली आणि आंत परमुलखांतील एक मैदान आलें. २०११ सालीं संघटनेनें ह्या क्लबांना पुनः आमंत्रण धाडलें. परंतु युरोपची वाट त्यांच्यासाठीं खुली होणार नाहीं असें ठरल्यावर कार्डिफ व स्वॉन्सी आले नाहींत. एकदां मोडलेली पंगत पुनः मांडणें सोपें नसतें.

आमचें म्हणणें एवढेंच कीं, परक्यांना निरोप देणें हा राष्ट्राचा हक्क आहे, परंतु जे पोटासाठीं परगांवीं गेले त्यांना परके ठरविणें हें शहाणपण नव्हे. मोठ्या शेजाऱ्याच्या सांवलींत राहणाऱ्या प्रत्येक समाजापुढें, प्रत्येक भाषेपुढें हा पेंच कधीं ना कधीं येतोच. त्याच्या दरबारीं जाऊन मान मिळवावा, कीं आपलें अंगण झाडून त्यांतच खेळावें? वेल्सच्या चषकानें पहिलीं शंभराहून अधिक वर्षें हीं दोन्ही कामें कशींबशीं एकत्र सांभाळलीं. त्या व्यवस्थेंत तर्कशुद्धता नव्हती. परंतु त्या वर्षांत बँगर एका दुपारीं नेपोलीपेक्षां थोर ठरलें, उत्तरेनें दक्षिणेला पाहिलें, आणि राजधानी मिळण्याच्या पाऊणशें वर्षें आधीं एका राष्ट्राला आपलें नांव मोठ्यानें उच्चारण्यासाठीं एक जागा मिळाली. केन्रिक आणि त्यांच्या मित्रांजवळ पहिल्या वर्षीं चषक विकत घेण्याइतकाहि पैसा नव्हता, ही गोष्ट आम्हांस म्हणूनच वारंवार आठवते. संस्था उभी राहावयास आधीं चांदी लागत नाहीं. आपण एक आहोंत, ही भावना लागते. चांदी मागाहून येते.