देणगी संपली, व्यवस्था उरली
परक्याच्या धनानें एखाद्या देशाचें आरोग्य सुधारतें काय? ब्रिटिश अमलांतील सिलोनचा इतिहास याचें उत्तर देतो. १९१६ सालीं अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनच्या साह्यानें तेथील मळ्यांत अंकुशकृमीविरुद्ध मोहीम सुरू झाली. औषधानें कृमि पडत. पण शौचकूपांचा खर्च मळेवाल्यांस जड वाटे, आणि दूषित मातींतून नवे कृमि अनवाणी मजुरांच्या पायांवाटे पुन्हां शरीरांत शिरत. तेव्हां एका रोगावरून दृष्टि व्यवस्थेकडे वळली. १९२६ सालीं, त्याच साह्यानें, कळुतारा येथें आरोग्य-पथक स्थापन झालें; वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, सुइणी व स्वच्छता-निरीक्षक एकाच टापूची जबाबदारी वाहूं लागले. पुढें सरकारनें ही पद्धति देशभर नेली. देणगी संपली, व्यवस्था उरली. दान कृतार्थ होतें, तें असें!