मनीषनगर : धर्मग्रामातून ख्रिस्ती अंत्यविधी व दफन

वर्धा मार्गाच्या पूर्वेस, रेल्वेमार्गापलीकडे वसलेले मनीषनगर ही नागपूरच्या दक्षिण भागातील तुलनेने नवी वस्ती होय. अशा वस्तीतील सदनिकांत राहणारी बरीच कुटुंबे अन्यत्र जन्मलेली असतात. मूळ गावी चर्चची घंटा वाजली की शेजारी धावून येतात, कबर कोणी खणावी हेही ठरलेले असते. शहरात घरी मृत्यू घडला असता पहिला दूरध्वनी शववाहिकेला जातो, आणि धर्मगुरूंना वेळ ठरल्यावर कळविले जाते. हा क्रम उलटा असावयास हवा. १९८३ च्या कॅनन कायद्यातील कलम ११७६ नुसार मृत भाविकास ख्रिस्तसभेचा अंत्यविधी मिळालाच पाहिजे. तो कुटुंबाने मागून घ्यावयाचा उपकार नव्हे.

खरे तर धर्मगुरूंना बोलावण्याची वेळ मृत्यूपूर्वीच येते. रुग्णाभ्यंग हा जिवंतांचा संस्कार आहे, मृत्यूनंतर तो दिला जात नाही. ‘फादर आले तर आजारी माणूस घाबरेल’ या समजुतीपायी अनेक जण अभ्यंगाला व अखेरच्या ख्रिस्तशरीराला मुकतात, हे खेदाने नमूद करावे लागते.

मृत्यू घरी झाला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र (नमुना ४अ) घ्यावे. रुग्णालयात झाला तर नमुना ४ रुग्णालय देते. अपघाती वा संशयास्पद मृत्यूत पोलिसांचा पंचनामा व बहुधा शवविच्छेदन झाल्यावरच देह ताब्यात मिळतो, म्हणून तोवर दफनाची वेळ जाहीर करू नये. परदेशातील मुलांसाठी थांबावयाचे असल्यास शवागाराची सोय आधी पाहावी. एप्रिल-मे महिन्यांत नागपूरचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. त्या दिवसांत देह घरी ठेवणे कठीण, आणि भर दुपारचे दफन वृद्धांच्या प्रकृतीस घातक.

यानंतर धर्मग्रामाच्या कार्यालयात मृताचे पूर्ण नाव, वय, बाप्तिस्मा व विवाह कोठे झाला, ही माहिती द्यावी. कलम ११७७ प्रमाणे अंत्यविधी सामान्यतः स्वतःच्या धर्मग्राम-चर्चमध्ये होतो. दुसरे चर्च निवडता येते; त्यासाठी तेथील धर्मगुरूंची संमती घ्यावी व आपल्या प्रमुख धर्मगुरूंना कळवावे. मनीषनगरात राहावयास येऊन कित्येक वर्षे झाली, परंतु कुटुंबाची नोंद अजून जुन्याच धर्मग्रामात, अशी स्थिती असेल तर नेमक्या दुःखाच्या घडीला चौकशीत वेळ जातो. नोंद आजच करून घ्यावी.

दफनभूमी चर्चच्या आवारातच असते असे नाही. कुटुंबाची जुनी कबर असल्यास तिची कागदपत्रे दाखवावीत. नवी जागा, कबर खणणे, शवपेटी व शुल्क यांची विचारपूस कार्यालयातच करावी. गरिबीमुळे अडचण असेल तर संकोच न करता तसे सांगावे. दानाच्या संदर्भात पक्षपात होऊ नये व गरिबांना योग्य अंत्यविधीपासून वंचित ठेवले जाऊ नये, असे कलम ११८१ स्पष्ट बजावते.

१९६९ च्या विधिग्रंथानुसार अंत्यविधीचे टप्पे तीन : घर, चर्च, दफनभूमी. चर्चमध्ये शवपेटीजवळ पास्काची मेणबत्ती तेवते, बाप्तिस्म्याची आठवण म्हणून पवित्र जल शिंपडले जाते आणि देह पवित्र आत्म्याचे मंदिर असल्याने त्यास धूप दिला जातो. सामान्य भाविकाचे पाय वेदीकडे, तर धर्मगुरूचे मस्तक वेदीकडे ठेवण्याची परंपरा आहे. पवित्र गुरुवार ते पुनरुत्थान रविवार, सक्तीचे महासण, तसेच आगमनकाळ, उपवासकाळ व पुनरुत्थानकाळातील रविवारी अंत्यविधीची मिस्सा होत नाही. मात्र मिस्सेविना प्रार्थनाविधी व दफन होऊ शकते. प्रवचन हे गुणगौरवाचे भाषण नव्हे. नातलगांना दोन शब्द बोलावयाचे असल्यास धर्मगुरूंना आधी विचारावे, व दोनच बोलावेत.

काही शंका वारंवार विचारल्या जातात. आत्महत्या केलेल्यांना १९१७ च्या कायद्यात अंत्यविधी नाकारला जाई. १९८३ च्या कायद्यातून ते कलम वगळले आहे. शोकाकुल कुटुंबाने लज्जेपोटी चर्च टाळू नये. बाप्तिस्म्याआधी दगावलेल्या बालकासाठीही, पालकांची बाप्तिस्म्याची इच्छा होती असे दिसल्यास, महागुरुस्वामींच्या परवानगीने अंत्यविधी होतो.

दहनास १९६३ पासून मुभा आहे, जरी ख्रिस्तसभा दफनाचाच आग्रह धरते. आंतरधर्मीय कुटुंबांत हा प्रश्न हमखास निघतो. दहन केल्यास रक्षा पवित्र स्थळी ठेवावी; ती नदीत सोडणे वा आप्तांत वाटणे २०१६ च्या रोमच्या सूचनेस मान्य नाही. २०२३ मध्ये मात्र, मृताच्या जीवनात महत्त्व असलेल्या स्थळी रक्षेचा अल्प भाग ठेवण्याच्या विनंतीचा विचार अधिकाऱ्यांनी करावा, असे स्पष्टीकरण आले.

दफनानंतर दोन नोंदी राहतात. धर्मग्रामाच्या मृत्यूनोंदवहीतील नोंद चर्च करते. शासकीय नोंद २१ दिवसांच्या आत, मृत्यू जेथे घडला तेथील निबंधकाकडे करावयाची असते. रुग्णालयातील मृत्यू रुग्णालय कळविते. घरच्या मृत्यूची जबाबदारी कुटुंबप्रमुखाची. मनीषनगरलगतच्या बेसा भागात राहणाऱ्यांनी आपले घर महापालिकेच्या हद्दीत येते की नाही, हे आधी पाहावे. उशीर झाल्यास विलंबशुल्क, आणि वर्ष उलटल्यास दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. निवृत्तिवेतन, विमा व बँक या सर्वांना हेच शासकीय प्रमाणपत्र हवे असते. चर्चचा दाखला तेथे चालत नाही. कबरीवर कायमचा दगड बसविण्यापूर्वी मात्र पुन्हा धर्मग्रामाचीच लेखी परवानगी घ्यावी.