शिळ्या चरसातला रेणू

'शांत झोपेसाठी सीबीएन तेल' ही जाहिरात माझ्या फोनवर हल्ली रोज येते. सीबीएन म्हणजे कॅनाबिनॉल. गडी नवा नाही. १८९६ साली केंब्रिजमध्ये वुड, स्पाइव्ही आणि ईस्टरफील्ड यांनी चरसातून तांबडं, चिकट तेल काढलं. नशेचं मूळ त्यातच आहे, असा समज पुढे बरीच वर्षं टिकला. खरा धनी निघाला टीएचसी. तो इस्रायलमध्ये गाओनी आणि मेशूलम यांनी १९६४ साली शुद्ध रूपात वेगळा केला. हवा-उजेड लागून टीएचसी शिळा झाला की त्याचाच सीबीएन होतो! झोपेबद्दलचा पुरावा अजून तोकडाच आहे. त्यामुळे बाटलीवरच्या चंद्र-चांदण्या सोडून मी त्याच बॅचचा, बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट मागतो: सीबीएन किती मिलिग्रॅम, आणि टीएचसी किती उरलाय?