'मोकळी जमीन' म्हणजे नक्की काय?

गेल्या आठवड्यात ऑफिसात एका शब्दावरून दोन तास वाद झाला. शब्द होता 'ॲक्टिव्ह ग्राहक'. क्लायंटच्या मते खातं बंद न केलेला प्रत्येक जण ॲक्टिव्ह. आम्ही कोडमध्ये धरलं होतं, वर्षभरात काहीतरी खरेदी केलेला. रिक्वायरमेंट डॉक्युमेंट चाळीस पानी, पण ही व्याख्या एकाही पानावर नाही! वैतागून घरी निघालो. लोअर परळला गाडी थांबली, समोर टॉवर दिसले, आणि याहून कितीतरी महाग पडलेला एक शब्द आठवला.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढच्या वर्षांत गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. प्रश्न आला, या जमिनींचं करायचं काय? १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८ हे त्याचं उत्तर. ढोबळमानाने तीन वाटे: एक महापालिकेला मैदानं-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला.

२००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी उरली ती फक्त 'मोकळ्या जमिनी'ची. आता गिरणीचं आवार डोळ्यांसमोर आणा. शेड, गोदामं, चिमणी. मोकळं असं कितीसं? पण शेड पाडली की ती जागाही मोकळी होतेच ना? मग ती धरायची की नाही?

एक टेस्ट केस करून बघू. गिरणी १०० गुंठ्यांची, त्यातल्या ८० वर बांधकाम. पाडलेली जागा धरली, तर पालिका आणि म्हाडाला प्रत्येकी ३३ गुंठे. नाही धरली, तर जेमतेम सात-सात. इनपुट तेच, नियम तोच, फरक फक्त व्याख्येचा.

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप कोर्टात गेला. ऑक्टोबर २००५ मध्ये हायकोर्ट म्हणालं, पाडून मोकळी झालेली जागाही धरा. मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं. आधीपासून मोकळी होती तेवढीच जमीन वाटायची, आणि असा बदल करायचा सरकारला अधिकार होता. विषय संपला.

गंमत म्हणजे, घरांच्या लॉटरीसाठी कामगार कोण, हे मात्र नेमकं लिहिलं गेलं: १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत कामावर असलेला. तारीख संपाच्या सतरा दिवस आधीची, त्यामुळे संपात नोकरी गेलेलाही त्यात बसतो. इतका स्वच्छ नियम क्वचितच वाचायला मिळतो. अर्ज आले दीड लाखाच्या आसपास. जून २०१२ च्या पहिल्या लॉटरीत घरं होती ६,९२५. मार्च २०२० मध्ये ३,८९४. पात्र कोण ते पक्कं ठरलं, पण घरं बांधायची जमीनच तोवर आक्रसली होती.

आपण म्हणतो, क्लायंटने सही केली की रिक्वायरमेंट फ्रीज. पण त्या शब्दाचा फटका ज्याला बसणार, तो मीटिंगला असतो का? लालबाग-परळच्या चाळीतल्या किती जणांना २००१ साली हा शब्द वाचायला मिळाला असेल?

सोमवारी डॉक्युमेंटच्या पहिल्याच पानावर व्याख्यांचा तक्ता टाकणार आहे. प्रत्येक व्याख्येपुढे एक आकड्यांचं उदाहरण. आणि शेवटचा कॉलम: 'यात कोण सुटतं?'