प्रवेश, शिष्यवृत्ती आणि निर्वाह : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या परदेशी उच्च शिक्षणाचा आर्थिक इतिहास (१९१३–१९२३)

सारांश :
परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळणे आणि तेथे शिक्षण पूर्ण करता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तुत शोधनिबंधात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या कोलंबिया विद्यापीठ व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथील शिक्षणाचा विचार अर्थसाहाय्याच्या दृष्टीने केला आहे. १९१३ ते १९२३ या दशकात त्यांनी घेतलेले निर्णय विद्याविषयक आवडीबरोबरच उपलब्ध पैसा, त्याची मुदत आणि त्यामागील अटी यांनीही घडवले होते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : उच्च शिक्षण, शिष्यवृत्ती, बडोदा संस्थान, सार्वजनिक वित्त, सार्वजनिक धोरण.

१. प्रस्तावना

डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणाविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्यांची ज्ञाननिष्ठा, दीर्घ वाचन आणि अपार कष्ट यांचे वर्णन त्यांच्या चरित्रग्रंथांत आढळते. मात्र या वर्णनात एक प्रश्न बहुधा मागे पडतो. एवढे शिक्षण कोणाच्या पैशाने, किती काळासाठी आणि कोणत्या अटींवर झाले? पदव्यांची यादी पाहिली असता हा प्रवास सरळ रेषेत झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो १९१७ मध्ये मध्येच तुटला, तीन वर्षांनी पुन्हा जोडला गेला आणि १९२३ मध्ये अखेरच्या टप्प्यावर पुन्हा अडला. या प्रत्येक वळणावर विद्यापीठाचे दार उघडे होते आणि अडचण निर्वाहाची होती. आज सार्वजनिक धोरणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालेल्या, पण पुरेसे अर्थसाहाय्य नसलेल्या विद्यार्थ्यापुढे जो पेच उभा राहतो, त्याचे एक जुने आणि बोलके उदाहरण म्हणून या इतिहासाकडे पाहता येते.

२. दोन विद्यापीठीय परंपरा

डॉ. आंबेडकर ज्या दोन संस्थांत शिकले, त्या दोन्हींचा राज्यकारभाराच्या शिक्षणाशी जवळचा संबंध होता. कोलंबियातील राज्यशास्त्र विद्याशाखा १८८० मध्ये जॉन बर्जेस यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. प्रशासनासाठी सुशिक्षित माणसे तयार करणे हा तिच्या हेतूंपैकी एक होता. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची स्थापना सिडनी व बिॲट्रिस वेब आदी फेबियन मंडळींनी १८९५ मध्ये केली. दोन्ही संस्थांच्या संस्थापकांसमोर पॅरिसच्या राज्यशास्त्रीय विद्यालयाचा नमुना होता. ‘सार्वजनिक धोरण’ या नावाने स्वतंत्र विद्यालये पुढे निघाली, परंतु करव्यवस्था, चलन, स्थानिक स्वराज्य संस्थांचे वित्त आणि प्रशासन यांचा एकत्रित अभ्यास या दोन ठिकाणी आधीपासूनच होत होता. कोलंबियात सार्वजनिक वित्ताचे ख्यातनाम अभ्यासक एडविन सेलिग्मन होते आणि लंडनमध्ये एडविन कॅनन होते. डॉ. आंबेडकरांच्या संशोधनाला या दोघांचे मार्गदर्शन लाभले.

३. बडोद्याची शिष्यवृत्ती : संधी आणि बंधन

एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत असताना भीमराव आंबेडकरांना महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्याकडून दरमहा २५ रुपयांची मदत मिळत होती. अर्थशास्त्र व राज्यशास्त्र हे विषय घेऊन बी. ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये ते बडोदा संस्थानाच्या नोकरीत दाखल झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडील रामजी सुभेदारांचे निधन झाले आणि कुटुंबाचा आधार हरपला. याच सुमारास महाराजांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत पाठवण्याचे ठरवले. ४ जून १९१३ रोजी करारावर सह्या झाल्या. तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड मिळावेत आणि शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची सेवा करावी, असे त्याचे स्वरूप होते.

या करारात विद्यापीठ निवडण्याचा प्रश्नच नव्हता. देश आणि मुदत दात्याने ठरवली होती. विद्यार्थ्याच्या हाती उरला तो एकच निर्णय : मिळालेल्या तीन वर्षांचा उपयोग कसा करायचा? कोलंबियातील नोंदींवरून त्याचे उत्तर मिळते. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि फ्रेंच व जर्मन भाषांचा प्रत्येकी १, असे एकूण ६० अभ्यासक्रम त्यांनी घेतले. पदवीपुरता अभ्यास करून परतणाऱ्याला एवढ्यांची गरज नव्हती. ही संधी पुन्हा येणार नाही, हे ओळखलेल्या माणसाचा हा हिशोब दिसतो. मिळणाऱ्या रकमेतून घरीही पैसे पाठवावे लागत. त्यामुळे न्यूयॉर्कमधील राहणी अतिशय काटकसरीची होती.

१९१५ मध्ये एम. ए. झाल्यानंतर उरलेले वर्ष त्यांनी पीएच. डी.च्या प्रबंधासाठी वापरले. मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींविषयीचा प्रसिद्ध निबंध त्यांनी वाचला आणि जूनपर्यंत भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा ऐतिहासिक अभ्यास मांडणारा प्रबंध तयार झाला. शिष्यवृत्तीची मुदतही त्याच महिन्यात संपत होती.

४. लंडन : प्रवेश मिळाला, मुदत संपली

१९१६ मध्ये डॉ. आंबेडकरांपुढे दोन मार्ग होते. करारानुसार बडोद्यास परतणे हा एक आणि लंडनमध्ये अभ्यास पुढे नेणे हा दुसरा. त्यांनी मुदतवाढ मागितली आणि ती मर्यादित काळासाठी मिळाली. ऑक्टोबर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी त्यांनी नाव नोंदवले. एकाच वेळी दोन ठिकाणी शिकण्याचा हा निर्णय लक्षणीय आहे. अर्थशास्त्राच्या पदवीचा उपयोग नोकरी देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून होता, तर बॅरिस्टरीने स्वतंत्र व्यवसायाचा मार्ग खुला होत होता. अस्पृश्य समाजातून आलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने या स्वातंत्र्याचे मोल किती होते, हे पुढच्याच वर्षी सिद्ध झाले.

लंडनच्या अभ्यासक्रमासाठी त्या वेळी १० पौंड १० शिलिंग शुल्क होते. न्यूयॉर्कमध्ये मिळणाऱ्या एका महिन्याच्या शिष्यवृत्तीपेक्षाही ही रक्कम थोडी कमीच भरते. यावरून खर्चाचे खरे स्वरूप ध्यानात येते. शिक्षण महाग होते ते शुल्कामुळे नव्हे, तर निवास, जेवण, पुस्तके, प्रवास आणि मागे राहिलेल्या कुटुंबाचा चरितार्थ यांमुळे. संशोधनाला लागणारा काळ हाच सर्वांत मोठा खर्च होता.

१९१७ मध्ये शिष्यवृत्ती थांबली आणि परतणे भाग पडले. परंतु निघण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांपर्यंत खंड घेऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी मिळवली. पैसा हातात नसताना विद्यापीठातील जागा मात्र राखून ठेवायची, हा त्यांचा निर्णय दूरदृष्टीचा ठरला. परतीच्या प्रवासात वेगळ्या जहाजाने पाठवलेले त्यांचे सामान पाणतीराच्या हल्ल्यात बुडाले. महायुद्धाचा फटका अशा रीतीने त्यांच्या ग्रंथसंग्रहालाही बसला. २१ ऑगस्ट १९१७ रोजी ते मुंबईस पोहोचले.

५. करारपूर्ती आणि तिची मर्यादा

सप्टेंबर १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर करारानुसार बडोद्याच्या सेवेत रुजू झाले. तेथे राहण्यास जागा मिळेना. पारशी वसतिगृहात नाव लपवून घेतलेला आसराही जात उघड होताच गेला. कचेरीतील वागणूकही अपमानास्पद होती. अल्पावधीतच त्यांना बडोदा सोडावे लागले.

सयाजीरावांच्या पुरोगामित्वाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांच्या साहाय्याविना कोलंबियाचे शिक्षण शक्य झाले नसते. तरीही या प्रसंगातून शिष्यवृत्तीची एक मर्यादा उघड होते. संस्थानाने विद्वान घडवण्यासाठी पैसा खर्च केला, पण त्या विद्वानाला शहरात घर मिळेल अशी व्यवस्था ते करू शकले नाही. दहा वर्षांच्या सेवेची अट कागदावर होती. ती पाळण्यासाठी लागणारी सामाजिक परिस्थिती मात्र अस्तित्वात नव्हती.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात दरमहा ४५० रुपये वेतनावर त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. त्या काळाच्या मानाने हे वेतन चांगले होते. कुटुंब स्थिरावले असते आणि प्रतिष्ठाही लाभली असती. परंतु डॉ. आंबेडकरांनी या वेतनाकडे लंडनसाठीच्या शिलकीचे साधन म्हणून पाहिले. मार्च १९२० मध्ये त्यांनी ही नोकरी सोडली.

६. कर्ज, विनिमयदर आणि दुसरा लंडन निवास

१९२० च्या जुलै महिन्यात ते पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा त्यांच्याजवळ तीन मार्गांनी आलेला पैसा होता : स्वतःची बचत, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज. बडोद्यात पारशी वसतिगृहातून हाकलल्या गेलेल्या विद्वानाला शिक्षणासाठी कर्ज दिले तेही एका पारशी मित्रानेच. पहिल्या वेळी दाता एक आणि त्याच्या अटी लेखी होत्या. दुसऱ्या वेळी दात्याचे बंधन नव्हते, पण सारी जोखीम स्वतःच्या शिरावर होती.

या जोखमीत विनिमयदराची भर पडली. महायुद्धापूर्वी रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्स होता, म्हणजे एका पौंडास १५ रुपये पडत. युद्धोत्तर काळात चांदीचे भाव चढल्याने रुपया वधारला आणि बॅबिंग्टन स्मिथ समितीच्या शिफारशीवरून सरकारने १९२० मध्ये २ शिलिंगांचा दर स्वीकारला. तो टिकला नाही. १९२१ पर्यंत रुपया पुन्हा जुन्या दराच्या आसपास, काही काळ त्याहूनही खाली आला. पौंडास १० रुपये या हिशोबाने ५,००० रुपयांचे ५०० पौंड होतात; १५ रुपयांच्या हिशोबाने सुमारे ३३३ पौंडच होतात. चलनाच्या ज्या प्रश्नावर डॉ. आंबेडकर प्रबंध लिहीत होते, तोच प्रश्न रुपयांत साठवलेल्या आणि पौंडांत खर्चायच्या प्रत्येक रकमेला भिडत होता. १९२१ मध्ये शाहू महाराजांना पत्र लिहून त्यांना पुन्हा कर्जाऊ मदत मागावी लागली. ६ मे १९२२ रोजी महाराजांचे निधन झाले आणि हाही आधार संपला.

लंडनमधील त्यांच्या अर्धपोटी दिनक्रमाचे वर्णन चरित्रकारांनी केले आहे. ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत वाचन आणि रात्री भुकेला पापडांचा आधार, हे चित्र मराठी वाचकांना परिचित आहे. त्याच काळात मुंबईत रमाबाई अपुऱ्या पैशांत संसार चालवत होत्या. या शिक्षणाचा खर्च मोजताना त्यांच्या वाट्याचा हिस्साही त्यात धरला पाहिजे. तो कोणत्याही शिष्यवृत्तीच्या हिशोबात नोंदला गेलेला नाही.

१९२१ मध्ये एम. एस्सी. पदवी मिळाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील डी. एस्सी.चा प्रबंध सादर झाला. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी त्यात फेरफार सुचवले. तोवर पैसा संपत आला होता. लंडनमध्ये थांबून प्रबंध दुरुस्त करणे परवडणारे नसल्याने एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईस परतले, तेथेच दुरुस्त्या केल्या आणि प्रबंध लंडनला पाठवला. वर्षअखेरीस पदवी मिळाली आणि ग्रंथही प्रसिद्ध झाला.

७. पदवीच्या वाटेवरील छपाई

कोलंबियाच्या पीएच. डी.चा वृत्तान्त याहून बोलका आहे. त्या काळी छापील प्रबंधाच्या प्रती विद्यापीठात दाखल केल्याशिवाय ही पदवी दिली जात नसे. १९१६ मध्ये सुरू झालेले संशोधन प्रांतिक वित्ताच्या उत्क्रांतीवरील ग्रंथाच्या रूपाने १९२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पदवी १९२७ मध्ये मिळाली. अभ्यास पूर्ण होणे आणि पदवी हाती येणे यांत सुमारे अकरा वर्षे गेली. ग्रंथ सयाजीराव महाराजांना अर्पण केलेला असून त्याला सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे.

८. वैयक्तिक अनुभवाकडून सार्वजनिक धोरणाकडे

या शिक्षणाचा उपयोग लवकरच दिसू लागला. डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे डॉ. आंबेडकरांनी चलनविषयक साक्ष दिली. १९२७ पासून मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर ते अभ्यासपूर्ण बोलू लागले.

परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे पाऊल १९४२ मधील आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असताना ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना निवेदन सादर केले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च व परदेशी शिक्षणासाठी सरकारी अनुदान असावे, अशी मागणी त्यात होती. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती योजना १९४४ मध्ये सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर १९५४-५५ पासून राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती योजनेला आरंभ झाला. महाराजाची उदारता, मित्राचे कर्ज आणि बचत यांवर ज्याला विसंबावे लागले, त्या विद्यार्थ्याने पुढे हा प्रश्न शासनाच्या कर्तव्याच्या कक्षेत आणला. दाता भला असला तरी त्याच्यानंतर काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांना १९२२ मध्ये मिळाले नव्हते.

९. निष्कर्ष

१. १९१३ ते १९२३ या काळात डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणातील खंड गुणवत्तेमुळे वा प्रवेशाअभावी पडले नाहीत. ते अर्थसाहाय्याच्या मुदतीमुळे पडले.

२. त्यांच्या खर्चात शुल्काचा वाटा अल्प होता. निर्वाह, काळ, कौटुंबिक जबाबदारी, विनिमयदर आणि छपाई यांचा भार मोठा होता. केवळ शुल्क भरणारी शिष्यवृत्ती गरीब विद्यार्थ्याला प्रवेशापर्यंत नेते, पदवीपर्यंत नेईलच असे नाही.

३. सेवेची अट घालणाऱ्या दात्यावर ती सेवा सन्मानाने करता येईल अशी परिस्थिती निर्माण करण्याची जबाबदारीही येते.

४. अपुऱ्या साधनांत डॉ. आंबेडकरांनी तीन गोष्टी सातत्याने केल्या : मिळालेल्या मुदतीचा पुरेपूर वापर, खंड पडला तरी विद्यापीठातील जागा राखणे आणि स्वतंत्र उपजीविकेचा मार्ग तयार ठेवणे.

या निर्णयांचे श्रेय त्यांच्या बुद्धीला व निर्धाराला आहे. तथापि एवढा निर्धार हीच शिक्षणाची पूर्वअट मानली, तर असंख्य गुणी विद्यार्थी वाटेतच थांबतील. १९४२ च्या निवेदनामागील भूमिका हीच होती, आणि शिष्यवृत्तीविषयक धोरणाची कसोटीही तीच असली पाहिजे.