एकसंध संगणक-यंत्रणेची कुळकथा

सर्व्हर, स्टोरेज, नेटवर्क स्विच आणि या तिघांवर देखरेख ठेवणारे सॉफ्टवेअर हे डेटा सेंटरचे चार घटक आधीच जुळवून, एकमेकांशी पारखून, एकच वस्तू म्हणून विकण्याच्या पद्धतीला २००९ च्या सुमारास ‘कन्व्हर्ज्ड इन्फ्रास्ट्रक्चर’ हे नाव मिळाले. या लेखात तिला एकसंध यंत्रणा म्हटले आहे. तिची गरज आता शहरांच्या कारभारापर्यंत पोचली आहे. छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादची, निवड सप्टेंबर २०१६ मध्ये स्मार्ट सिटी अभियानात झाली आणि ७ सप्टेंबर २०१९ रोजी शेंद्र्याच्या ऑरिक औद्योगिक नगरीत ऑरिक हॉलचे उद्घाटन झाले. कॅमेरे, पाणी, वीज आणि नागरी सेवा यांची माहिती एका ठिकाणी आणणारे नियंत्रण केंद्र ही तेव्हापासून या शहराच्या कारभाराची गरज झाली असून, अशा केंद्रामागच्या संगणकांची निवड हा महानगरपालिका, विद्यापीठ, रुग्णालय आणि सहकारी बँक या सर्वांपुढचा प्रश्न आहे. या निवडीत किंमत आणि वेग यांची तुलना पुष्कळ होते, परंतु समोर आलेली प्रत्येक यंत्रणा मुळात कोणती अडचण सोडवण्यासाठी जन्मली हे पाहिल्याखेरीज ती तुलना अपुरी राहते, कारण यंत्रणेचे गुण आणि तिच्या मर्यादा या दोन्हींचे मूळ तिच्या जन्मकारणात असते.

संगणकाच्या आरंभकाळात घटक जुळवण्याचा प्रश्न वेगळा असा नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला आणि १९६० मध्ये कामाला लागलेला टिफ्रॅक हा भारतीय संगणक ज्यांनी रचला, त्यांनीच तो चालवला आणि त्यांनीच दुरुस्त केला. त्यामुळे बिघाडाचा जाब कोणाला विचारायचा याबद्दल संदेहच नव्हता. आयबीएम कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० या मेनफ्रेम कुळातही प्रोसेसर, साठवणूक आणि मूळ सॉफ्टवेअर एकाच कंपनीचे असे. याच कुळात व्हर्च्युअलायझेशनचा, म्हणजे एका खऱ्या यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालवण्याच्या तंत्राचा जन्म झाला. आयबीएमच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील वैज्ञानिक केंद्रात रॉबर्ट क्रीसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेली सीपी-४० ही प्रणाली जानेवारी १९६७ मध्ये वापरात आली, आणि प्रत्येक वापरकर्त्याला आपल्यापुढे स्वतंत्र, पूर्ण संगणक असल्यासारखे काम करता येऊ लागले. ऑगस्ट १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावाने ते तंत्र बाजारात आले. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी, असे आभासी यंत्र चालवता यावे यासाठी प्रोसेसरच्या आज्ञांमध्ये कोणते गुण असावे लागतात, याचे औपचारिक नियम मांडले.

पुढच्या दोन दशकांत हे एकत्र कुटुंब विभक्त झाले. स्वस्त सूक्ष्मप्रोसेसरमुळे प्रत्येक विभागाला आपला वेगळा सर्व्हर घेणे परवडू लागले आणि एका सर्व्हरवर एकच प्रणाली चालवण्याचा रिवाज पडला, कारण दोन प्रणाली एकत्र ठेवल्या तर एकीच्या बिघाडाने दुसरीही बंद पडण्याची भीती असे. या सर्व्हरांमधला बराचसा प्रोसेसर दिवसाचा बहुतांश वेळ रिकामा राही, तरी वीज, वातानुकूलन आणि वार्षिक देखभालीचा करार प्रत्येकासाठी वेगळाच मोजावा लागे. मेनफ्रेमवरचा जुना उपाय येथे लगेच लागू पडला नाही. इंटेलच्या एक्स८६ कुळातील प्रोसेसरांमध्ये पोपेक-गोल्डबर्ग यांच्या नियमांत न बसणाऱ्या काही आज्ञा होत्या. आभासी यंत्राने त्या वापरल्या तरी नियंत्रक सॉफ्टवेअरला त्याचा पत्ता लागत नसे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधनातून १९९८ मध्ये उभ्या राहिलेल्या व्हीएमवेअर कंपनीने अशा आज्ञा चालता चालता बदलून घेण्याची युक्ती वापरून ही अडचण ओलांडली. तिचे पहिले उत्पादन १९९९ मध्ये टेबलावरच्या संगणकासाठी आले आणि २००१ मध्ये सर्व्हरसाठी ईएसएक्स आले. खऱ्या यंत्राची साधने आभासी यंत्रांत वाटून देणाऱ्या अशा नियंत्रक सॉफ्टवेअरला हायपरवायझर म्हणतात. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच आवश्यक ती सोय केली, आणि झेन व केव्हीएम या मुक्त स्रोताच्या हायपरवायझरांनाही मार्ग मोकळा झाला.

एकसंध यंत्रणेचे खरे बीज मात्र व्हीएमवेअरच्या २००३ मधील व्हीमोशन या सोयीत आहे. चालू असलेले आभासी यंत्र बंद न करता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेण्याची ही सोय तेव्हाच्या रचनेत एका अटीवरच चालत असे, ती म्हणजे दोन्ही सर्व्हरांना एकच साठवण दिसली पाहिजे. सर्व्हरच्या पोटातली डिस्क ही अट पुरी करू शकत नव्हती, म्हणून स्टोरेज एरिया नेटवर्क, म्हणजे साठवणुकीसाठीच राखलेले वेगळे जाळे, व्हर्च्युअलायझेशनचे अविभाज्य अंग बनले. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवल्यावर नहर-ए-अंबरीने जे साधले, त्याच्याशी या बदलाची तुलना करता येते: घरोघरच्या विहिरींवर विसंबण्याऐवजी एका सामायिक स्रोताचे पाणी भूमिगत नळांतून वस्तीभर पोचले, आणि त्याच वेळी उतार, जोड आणि हवेचा दाब सांभाळणे हे साऱ्या शहराचे काम झाले. सामायिक साठवणुकीनेही सोय दिली आणि तिच्याबरोबर जोड सांभाळण्याचे ओझे आणले.

ते ओझे हलके नव्हते. सर्व्हर एका कंपनीचा, त्याला साठवणुकीच्या जाळ्याशी जोडणारे फायबर चॅनलचे कार्ड दुसरीचे, स्विच तिसरीचा, स्टोरेज चौथीचे आणि हायपरवायझर पाचवीचा अशी स्थिती सर्वत्र झाली. प्रत्येक उपकरणात फर्मवेअर, म्हणजे उपकरणाला चालवणारे अंतर्गत सॉफ्टवेअर असते, आणि त्याची कोणती आवृत्ती दुसऱ्याच्या कोणत्या आवृत्तीशी जुळते याचे लांबलचक तक्ते प्रत्येक कंपनी प्रसिद्ध करी. एका घटकाची आवृत्ती बदलली की साखळीतले बाकीचे सर्व पुन्हा तपासावे लागत. आभासी यंत्र मंदावले, तर सर्व्हरवाला स्टोरेजकडे, स्टोरेजवाला स्विचकडे आणि स्विचवाला हायपरवायझरकडे बोट दाखवी. मधल्या काळात सेवा बंद आणि ग्राहकच तपासनीस. टिफ्रॅकच्या काळी एका गटाकडे असलेली जबाबदारी अशा रीतीने पाच ठिकाणी विभागली गेली आणि घटक जुळवण्याचे काम, कोणी मुद्दाम न सोपवता, खरेदीदाराकडे आले.

याच अडचणीतून २००९ मध्ये नवी पद्धत जन्मली. मार्च २००९ मध्ये सिस्को या नेटवर्क कंपनीने यूसीएस ही सर्व्हर-प्रणाली जाहीर केली. तिच्यात सर्व्हरची ओळख, म्हणजे त्याचे नेटवर्क-पत्ते, फर्मवेअरची आवृत्ती आणि सुरू होण्याची पद्धत, ‘सर्व्हिस प्रोफाइल’ नावाच्या नोंदीत ठेवलेली असे. त्यामुळे एक पाते, म्हणजे ब्लेड सर्व्हर, बिघडले तर तीच नोंद दुसऱ्या पात्याला देऊन काम पुढे नेता येई. नोव्हेंबर २००९ मध्ये सिस्को आणि ईएमसी ही स्टोरेज कंपनी यांनी व्हीएमवेअरला सोबत घेऊन व्हीसीई ही आघाडी जाहीर केली, आणि तिचे व्हीब्लॉक हे उत्पादन किती आभासी यंत्रे पेलेल या मापाने विकले जाऊ लागले: सर्वांत लहान ठोकळा ३०० ते ८०० यंत्रांसाठी, मधला ८०० ते ३,०००, आणि मोठा ३,००० ते ६,००० यंत्रांसाठी. व्हीब्लॉकचे वेगळेपण त्याच्या सुट्या भागांत नव्हते, कारण ते बाजारात आधीपासून मिळत होते. त्याचे वेगळेपण सर्व घटकांच्या एकत्र तपासलेल्या आवृत्त्यांचा तक्ता पुरवण्यात आणि बिघाडाची तक्रार एकाच दारी घेण्यात होते. २०१० मध्ये नेटअ‍ॅप ही स्टोरेज कंपनी आणि सिस्को यांनी फ्लेक्सपॉड आणले, आणि त्याने दुसरा पर्याय दिला: तयार ठोकळ्याऐवजी पारखलेला आराखडा, ज्याच्या आधारे स्थानिक विक्रेता यंत्रणा जुळवून देतो आणि ग्राहकाला घटकांच्या प्रमाणात फेरफार करता येतो. पहिल्या शाखेत जबाबदारी अधिक एकवटलेली आणि मोकळीक कमी. दुसरीत मोकळीक अधिक, पण जुळणी करणाऱ्याच्या कौशल्यावर भिस्त मोठी.

तिसऱ्या शाखेचे मूळ वेगळ्या घराण्यात आहे. गुगलने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या फाइल-प्रणालीच्या वर्णनातून, साध्या संगणकांच्या पोटातल्या डिस्का सॉफ्टवेअरने एकत्र बांधून आणि प्रत्येक माहितीच्या अनेक प्रती ठेवून मोठी, भरवशाची साठवण उभारता येते, हे सर्वांपुढे आले. त्या प्रणालीवर काम केलेले मोहित अरोन यांनी धीरज पांडे आणि अजीत सिंग यांच्यासह २००९ मध्ये न्यूटॅनिक्सची स्थापना केली आणि ते तत्त्व व्हर्च्युअलायझेशनला लावले. वेगळे स्टोरेज आणि त्याचे वेगळे जाळे दोन्ही गेले; प्रत्येक सर्व्हर गणनही करू लागला आणि साठवणही. या रचनेला हायपरकन्व्हर्ज्ड म्हणतात आणि तिच्यातल्या प्रत्येक सर्व्हरला नोड. व्हीएमवेअरने मार्च २०१४ मध्ये व्हीसॅन आणून तीच सोय हायपरवायझरमध्ये घातली, आणि २०१६ मध्ये तिच्यावर आधारलेली व्हीएक्सरेल ही तयार यंत्रणा बाजारात आली.

महाराष्ट्रात या घडामोडी सरकारी संगणकीकरणाच्या मोठ्या लाटेबरोबर पोचल्या. मे २००६ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ई-शासन योजनेने राज्यव्यापी नेटवर्क, राज्य डेटा सेंटर आणि सामायिक सेवा केंद्र हे तीन आधारस्तंभ मानले, आणि २००८ मध्ये राज्य डेटा सेंटरांची योजना मंजूर झाल्यावर विभागागणिक सर्व्हर घेण्याऐवजी सामायिक यंत्रणेतून वाटा देण्याचा विचार रुजला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे डेटा सेंटर २०१० मध्ये पुण्यात सुरू झाले, आणि २०१४ मध्ये केंद्र सरकारच्या मेघराज उपक्रमातून सरकारी कार्यालयांना आभासी यंत्रे सेवेच्या रूपात मिळू लागली. दरम्यान २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत अनेक विभागांचे कागद जळाले. सारे एकाच जागी ठेवू नये हा कागदाला लागू असलेला धडा एकसंध यंत्रणेला अधिकच लागू आहे, कारण तिच्यात पूर्वी दहा ठिकाणी विखुरलेली माहिती एकाच रॅकमध्ये येते. दूरच्या शहरात दुसरी प्रत आणि ती वेळोवेळी चालवून पाहण्याची शिस्त नसेल, तर एकत्रीकरणाने धोकाही एकवटतो.

या कुळकथेच्या प्रकाशात निवडीचे प्रश्न स्पष्ट होतात. पहिला प्रश्न वाढीच्या प्रमाणाचा आहे. हायपरकन्व्हर्ज्ड रचनेत साधारणतः नोड वाढवला की प्रोसेसर आणि साठवण दोन्ही वाढतात, म्हणून ज्या कामात दोघांची गरज सोबतीने वाढते तेथे ती शोभते. विद्यापीठाच्या किंवा बँकेच्या अनेक लहान कार्यालयीन प्रणाली हे त्याचे उदाहरण. शहरातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण मात्र साठवण भरते आणि त्या मानाने प्रोसेसर कमी वापरते. सेकंदाला ४ मेगाबिट पाठवणाऱ्या एका कॅमेऱ्याचे चित्रण दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट आणि ३० दिवसांत सुमारे १.३ टेराबाइट होते, म्हणजे १०० कॅमेऱ्यांना महिन्याला सुमारे १३० टेराबाइट लागतात, आणि दोन प्रती ठेवल्या तर २६०. केवळ त्या साठवणुकीपायी नोड घेत राहिल्यास न लागणाऱ्या प्रोसेसरचे आणि त्यांच्यावर आकारल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअर परवान्यांचे पैसे भरावे लागतात. तेथे वेगळे स्टोरेज असलेली रचनाच योग्य ठरते.

दुसरा प्रश्न खऱ्या क्षमतेचा आहे. प्रत्येकी २० टेराबाइटचे चार नोड घेतले की ८० टेराबाइट मिळाले असे कागदावर दिसते. पण एक नोड बंद पडल्यावरही काम चालावे म्हणून त्याच्याएवढी जागा मोकळी ठेवली आणि माहितीच्या दोन प्रती धरल्या, तर हाती ३० टेराबाइट उरतात. निविदेत मागणी नोंदवायची ती या उरलेल्या आकड्याची.

तिसरा प्रश्न बाहेर पडण्याच्या वाटेचा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची नवी विक्री थांबवून वर्गणीची पद्धत लागू केली. त्यामुळे ज्यांची सारी यंत्रणा एकाच हायपरवायझरला बांधलेली होती, त्यांना खर्चाचा हिशेब नव्याने मांडावा लागला. जबाबदारी एका दारी असावी ही एकसंध यंत्रणेची मूळ प्रेरणा आहे, आणि ते दार मालकाने बदलले तर काय करायचे हा तिचा जन्मजात धोका. म्हणून आभासी यंत्रे दुसऱ्या हायपरवायझरवर नेण्याची चाचणी खरेदीपूर्वीच व्हावी आणि तिची नोंद करारात असावी.

चौथा प्रश्न माणसांचा आहे, आणि बाकीचे तिन्ही त्याच्याशी येऊन मिळतात. ज्या संस्थेत सर्व्हर, स्टोरेज आणि नेटवर्क यांचे वेगवेगळे जाणकार आहेत, तिला सुटे घटक घेऊन स्वतः जुळवणे स्वस्त पडू शकते. ज्या संस्थेत दोन-तीन अभियंतेच सारा कारभार पाहतात, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी हीच स्थिती सामान्य आहे, तिच्यासाठी तयार यंत्रणेची जादा किंमत ही वास्तविक तिच्याकडे नसलेल्या जाणकारांची मजुरी असते. ती मजुरी द्यायची असेल, तर तिच्या बदल्यात काय मिळणार हे करारात शब्दशः उतरले पाहिजे: सर्व घटकांच्या जुळलेल्या आवृत्त्यांचा तक्ता कोण राखणार, फर्मवेअर कोण आणि किती काळात बदलणार, रात्री बिघाड झाला तर कोणत्या एका क्रमांकावर तक्रार घेतली जाणार आणि अभियंता शहरात किती तासांत पोचणार. या चार ओळी नसलेला करार ग्राहकाला सुट्या भागांचीच खरेदी करायला लावतो, मग ते भाग एकाच रॅकमध्ये आले असले तरीही. सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक डेटा सेंटरच्या निविदेत प्रोसेसरच्या वेगाआधी या ओळी तपासल्या जाव्यात, कारण एकसंध यंत्रणेचा जन्मच त्यांच्यासाठी झाला आहे.