वंगजनांचे स्मरणदिन

तिथी पंचांगात छापलेली असते. परंतु ती पाळली जाते घरात, चुलीपाशी आणि उंबऱ्यावर. देवळाच्या सावलीत वाढलेल्या आमच्या वाचकांस हे निराळे सांगावयास नको. राष्ट्रीय म्हणविणारे दिवस मात्र बहुधा सुटीपुरतेच उरतात. असे का व्हावे, ह्याचा विचार करू लागलो म्हणजे आमची दृष्टी वंगभूमीकडे वळते.

१९०५ साली, १६ ऑक्टोबर रोजी, लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत बंगालची फाळणी अमलात आली. त्या दिवशी रामेंद्रसुंदर त्रिवेदी यांच्या सूचनेवरून घरोघरी ‘अरंधन’ पाळले गेले, म्हणजे चूल पेटली नाही. घरात मृत्यू घडला म्हणजे जे करावयाचे, ते वंगजनांनी देशासाठी केले. लोक अनवाणी गंगास्नानास गेले आणि रवींद्रनाथ ठाकुरांच्या आवाहनानुसार त्यांनी परस्परांच्या मनगटी राखी बांधली. श्रावणी पौर्णिमेचा धागा आश्विनात आला. हिंदूने तो मुसलमान शेजाऱ्याच्या हातीही बांधला. पूर्व बंगालातील अनेक मुसलमानांस फाळणी हिताची वाटत होती, हेही विसरता येत नाही. १९११ साली ती रद्द झाल्याची घोषणा झाली. १९४७ साली मात्र बंगाल पुन्हा दुभंगला.

पूर्व बंगाल पाकिस्तानात गेला, आणि तेथे प्रश्न उभा राहिला तो भाषेचा. फेब्रुवारी १९४८ मध्ये धीरेंद्रनाथ दत्त यांनी पाकिस्तानच्या घटनासमितीत बंगालीस स्थान मागितले. ते नाकारले गेले. पुढच्याच महिन्यात राज्यभाषा उर्दूच राहील, असे जिना यांनी ढाक्यात बजावले. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात विद्यार्थी जमावबंदी मोडून निघाले आणि पोलिसांनी गोळीबार केला. रफिक, बरकत, जब्बार, सलाम ही नावे तेव्हापासून बंगाली मुलांस पाठ आहेत. १९५६ च्या घटनेने उर्दूबरोबर बंगालीसही राज्यभाषेचा मान दिला. दत्त यांस मार्च १९७१ मध्ये पाकिस्तानी सैन्याने घरातून नेले आणि ठार केले. बांगलादेश त्यांस पाहावयास मिळाला नाही.

ह्या दिवशी लोक आजही शहीद मिनारापाशी अनवाणी जातात, फुले वाहतात. आदल्या रात्री रस्त्यावर आलपना रेखली जाते. आलपना म्हणजे आपल्या रांगोळीची बहीणच. लक्ष्मीपूजेस बंगाली गृहिणी ती तांदळाच्या पिठाच्या पाण्याने काढते. मुसलमानबहुल देशात हुतात्म्यांच्या स्मरणास हेच घरगुती रेखन उपयोगी पडले. १९०५ चे अनवाणी पाय आणि नंतरचे हे अनवाणी पाय, दोहोंत आम्हांस एकच आचार दिसतो. स्मरण भाषणाने टिकत नाही. ते देहाने पाळावे लागते.

भारतातील बंगाल्यांचाही असा एक दिवस आहे. आसामात केवळ असमियाच राजभाषा होणार, ह्याविरुद्ध १९ मे १९६१ रोजी सिलचर स्थानकावर सत्याग्रह झाला. गोळीबारात ११ जणांचे प्राण गेले. त्यांत कमला भट्टाचार्य ही सोळा वर्षांची मुलगी होती. त्यानंतर काछाड जिल्ह्यात बंगालीस मान्यता मिळाली.

नोव्हेंबर १९९९ मध्ये युनेस्कोने २१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन ठरविला. वंगजनांचा तो गौरव खराच. परंतु त्या गौरवाबरोबर एक बंधनही आले. दिवस सर्व भाषांचा झाला, तेव्हा तो पाळणाऱ्या बंगाल्यास चाकमा व संथाळ शेजाऱ्याच्या बोलीचाही मान राखणे प्राप्त झाले.

तेच बंधन आम्हांसही आहे. गोव्याच्या देवळांत आरती मराठीत होते आणि गाऱ्हाणे कोकणीत घातले जाते. देवास दोन्ही कळतात. माणसांत मात्र ह्या दोन भाषांवरून वारंवार कटुता आली. त्या दिवशी चूल विझवावी, असे आम्ही म्हणत नाही. मुलास आजीच्या भाषेत एक गोष्ट सांगावी, आणि शेजाऱ्याच्या भाषेतील एक गोष्ट ऐकावी. एवढा नेम घरात पाळला गेला, तर तो दिवस आपलाही होईल.